ऑक्सिडीकारी ताण

ऑक्सिडीकारी ताण ही सजीव पेशीची एक अवस्था आहे. या अवस्थेत ऑक्सिडीकारक रेणूंची निर्मिती आणि त्यांना निष्प्रभ करण्याची पेशीची क्षमता यांतील संतुलन ऑक्सिडीकारकांच्या बाजूला झुकते. परिणामी पेशीतील संदेशवहन बिघडते किंवा तिच्या मेद, प्रथिने व डीएनए या घटकांची हानी होते. वैद्यकीय व्यवहारात या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस असे म्हणतात. ज्या संतुलनाचा हा बिघाड आहे, त्याला रेडॉक्स संतुलन ही संज्ञा आहे. 'रेडॉक्स' हा शब्द क्षपण व ऑक्सिडीकरण या दोन प्रक्रियांच्या इंग्रजी नावांच्या संक्षेपातून बनला आहे.

मधुमेह, रोहिणीकाठिण्य, मज्जासंस्थेचे ऱ्हासजन्य विकार, कर्करोग आणि वार्धक्य यांच्या संदर्भात ऑक्सिडीकारी ताणाचा वारंवार उल्लेख होतो. तथापि प्रत्येक ठिकाणी तो रोगाचे कारण असतोच असे नाही. अनेकदा तो रोगाचा परिणाम असतो, तर काही वेळा केवळ रोगाचा सोबती असतो. हा भेद न केल्यामुळे प्रतिऑक्सिडीकारक, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, पूरकांविषयी गेल्या काही दशकांत मोठे गैरसमज निर्माण झाले. त्यांपैकी काही गैरसमज रुग्णांच्या जिवावर बेतले आहेत.

संकल्पना

ऑक्सिडीकरण म्हणजे एखाद्या अणूने किंवा रेणूने इलेक्ट्रॉन गमावणे आणि क्षपण म्हणजे इलेक्ट्रॉन मिळवणे. या दोन्ही क्रिया नेहमी जोडीने घडतात. अन्नातून ऊर्जा मिळवण्याची शरीराची संपूर्ण व्यवस्था इलेक्ट्रॉनांच्या अशा हस्तांतरणावरच उभी आहे: अन्नातील इलेक्ट्रॉन एनएडीएच या वाहक रेणूमार्फत तंतुकणिकांपर्यंत पोहोचतात, तेथील प्रथिनांच्या साखळीतून पायरीपायरीने खाली उतरतात आणि अखेर ऑक्सिजनला मिळून पाणी तयार होते. ऑक्सिजनच्या एका रेणूला पाण्यात रूपांतरित होण्यासाठी चार इलेक्ट्रॉन लागतात. हे चारही इलेक्ट्रॉन व्यवस्थित पोहोचले तर काहीच बिघडत नाही. परंतु साखळीतून एखादा इलेक्ट्रॉन मध्येच निसटून ऑक्सिजनला चिकटला, तर सुपरऑक्साइड हे मूलक तयार होते.

सुपरऑक्साइडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. हायड्रोजन पेरॉक्साइडची मुक्त लोहाशी किंवा तांब्याशी गाठ पडल्यास हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होते. लोहाच्या उपस्थितीत होणारी ही अभिक्रिया हेन्री फेंटन यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १८९४ मध्ये तिचे वर्णन केले, पण जीवशास्त्राशी तिचा संबंध जोडला जाण्यास पुढे कित्येक दशके गेली. या तीन पदार्थांना एकाच नावाखाली 'क्रियाशील ऑक्सिजन रेणू' म्हटले जाते. सोयीचे असले तरी हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण तिघांचे स्वभाव फार वेगळे आहेत. हायड्रॉक्सिल मूलकाचे आयुष्य सेकंदाच्या सुमारे एक अब्जांश भागाइतके असते आणि ते जिथे तयार होते तिथेच, समोर येईल त्या रेणूवर तुटून पडते. उलट हायड्रोजन पेरॉक्साइड हा तुलनेने शांत रेणू आहे. तो पेशीपटलातील विशिष्ट मार्गांनी बाहेर जाऊ शकतो आणि निवडक प्रथिनांशीच अभिक्रिया करतो. नायट्रिक ऑक्साइड आणि सुपरऑक्साइड यांच्या संयोगातून बनणारे पेरॉक्सिनायट्राइट हा आणखी एक घातक ऑक्सिडीकारक आहे.

मेदाम्लांवर होणारा हल्ला साखळी पद्धतीने पसरतो. एका मेदाम्लाचे मूलक शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन ओढून घेते, त्याचेही मूलक बनते आणि क्रिया पुढे चालू राहते. उघड्या भांड्यातील तेल किंवा जुने शेंगदाणे खवट होतात ते याच क्रियेने. पेशीपटलातही रसायनशास्त्र तेच असते. फरक इतकाच की तेथे ती रोखण्यासाठी ई जीवनसत्त्व हजर असते.

ऑक्सिडीकारकांचे स्रोत

पेशीतील ऑक्सिडीकारक केवळ गळतीतून निर्माण होत नाहीत. श्वेतपेशी ते मुद्दाम तयार करतात. जीवाणू गिळल्यानंतर भक्षक श्वेतपेशींमध्ये एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर कार्यान्वित होते, ऑक्सिजनचा वापर एकदम वाढतो आणि सुपरऑक्साइडचा मारा सुरू होतो. हे विकर जन्मतः सदोष असल्यास दीर्घकालिक कणार्बुदी रोग होतो. अशा बालकांना जीवाणूंचे व बुरशीचे गंभीर संसर्ग वारंवार होतात. क्रियाशील ऑक्सिजन रेणू सरसकट 'वाईट' आहेत, या समजुतीला या रोगाइतके स्पष्ट उत्तर दुसरे नाही.

बाह्य स्रोतांत तंबाखूचा धूर, आयनीकारक प्रारण, अतिनील किरण, ओझोन, हवेतील सूक्ष्म कण, पॅराक्वाटसारखी तणनाशके आणि काही औषधे यांचा समावेश होतो. यकृतातील सायटोक्रोम पी-४५० गटातील विकरेही बाह्य पदार्थांवर प्रक्रिया करताना क्रियाशील संयुगे निर्माण करतात.

श्वसनात घेतलेल्या ऑक्सिजनपैकी एक ते दोन टक्के भाग सुपरऑक्साइडमध्ये रूपांतरित होतो, हे विधान अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते. ते पेशीतून वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांवर, अनैसर्गिक परिस्थितीत केलेल्या मापनांवर आधारलेले आहे. जिवंत पेशीतील प्रमाण त्याहून बरेच कमी असावे, असे आज मानले जाते.

संरक्षणव्यवस्था

पेशीच्या संरक्षणाचा मुख्य भार आहारातील जीवनसत्त्वांवर नसून विकरांवर आहे. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड व ऑक्सिजन यांत रूपांतर करते. त्याचे तांबे-जस्तयुक्त रूप पेशीद्रवात, तर मँगॅनीजयुक्त रूप तंतुकणिकांत असते. पुढे कॅटॅलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन ही विकरे पेरॉक्साइडचे पाणी करतात. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजच्या अनेक रूपांत सेलेनियम हे मूलद्रव्य असते; आहारातील अल्प सेलेनियमची गरज मुख्यतः अशा प्रथिनांसाठी आहे.

या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी ग्लुटाथायोन आहे. ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांपासून बनलेला हा छोटा रेणू बहुतेक पेशींत एक ते दहा मिलिमोलर इतक्या मोठ्या सांद्रतेने असतो. पेरॉक्साइडला इलेक्ट्रॉन देताना ग्लुटाथायोनचे दोन रेणू एकमेकांना जोडले जाऊन ऑक्सिडीकृत रूप तयार होते. निरोगी पेशीच्या द्रवात मूळ रूपाचे ऑक्सिडीकृत रूपाशी असलेले गुणोत्तर शंभरास एक याहून अधिक राखले जाते. हे गुणोत्तर राखण्यासाठी ग्लुटाथायोन रिडक्टेज हे विकर ऑक्सिडीकृत रूपाला पुन्हा इलेक्ट्रॉन देते आणि ते इलेक्ट्रॉन एनएडीपीएचकडून येतात. एनएडीपीएच मुख्यतः ग्लुकोजच्या पेंटोज फॉस्फेट मार्गातून मिळते. म्हणजे संरक्षणाचा अंतिम खर्च ग्लुकोजच भागवतो. ही साखळी लक्षात ठेवल्यास पुढे वर्णिलेल्या दोन्ही प्रसंगांचा उलगडा होतो.

लोह मुक्त न ठेवणे हाही संरक्षणाचाच भाग आहे. ट्रान्सफेरिन व फेरिटिन ही प्रथिने लोह बांधून ठेवतात, त्यामुळे फेंटन अभिक्रियेला वाव मिळत नाही. वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या थॅलॅसेमियाच्या रुग्णांत लोह साचते आणि ही बांधणी अपुरी पडते. हृदय व यकृत यांची हानी टाळण्यासाठी त्यांना लोह बाहेर काढणारी औषधे घ्यावी लागतात.

क जीवनसत्त्व पाण्यात, तर ई जीवनसत्त्व मेदात काम करते. मूलकाशी लढताना ऑक्सिडीकृत झालेल्या ई जीवनसत्त्वाला क जीवनसत्त्व पूर्ववत करते. मानव, वानरकुल आणि गिनीपिग यांनी क जीवनसत्त्व शरीरात तयार करण्याची क्षमता उत्क्रांतीच्या ओघात गमावली आहे. रक्तद्रवातील प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेचा मोठा वाटा मात्र यूरिक आम्लाचा असतो, आणि ते वाढले की संधिवाताचा गाउट हा प्रकार होतो.

संदेशवहन

हायड्रोजन पेरॉक्साइड अत्यल्प प्रमाणात पेशीतील संदेशवाहक म्हणून काम करते. सामान्य स्थितीत पेशीतील त्याची सांद्रता काही नॅनोमोलरच्या आसपास असते. वाढीचे संप्रेरकसदृश घटक किंवा इन्शुलिन पेशीला मिळाल्यावर ती तात्पुरती वाढते, काही प्रथिनांतील सिस्टीनचे गंधकयुक्त गट ऑक्सिडीकृत होतात आणि त्या प्रथिनांचे कार्य बदलते. संदेश संपला की हा बदल उलटवला जातो.

ताण वाढल्याची जाणीव पेशीला होते ती कीप-१ आणि एनआरएफ-२ या प्रथिनांच्या जोडीमुळे. एरवी कीप-१ हे एनआरएफ-२ ला पकडून त्याचा सतत नाश घडवून आणते. ऑक्सिडीकारकांमुळे कीप-१ मधील सिस्टीन बदलले की पकड सुटते, एनआरएफ-२ केंद्रकात जाते आणि ग्लुटाथायोन तयार करणाऱ्या विकरांसह अनेक संरक्षक जनुके कार्यान्वित करते. ब्रोकोली, कोबी व मोहरी या कुळातील भाज्यांतील सल्फोराफेन आणि हळदीतील कर्क्युमिन हे पदार्थ प्रयोगशाळेत याच मार्गाने काम करताना दिसतात. म्हणजे ते स्वतः मूलकांना शमवण्यापेक्षा पेशीला किंचित डिवचून तिची स्वतःची व्यवस्था जागी करतात. कर्क्युमिनचे पोटातून रक्तात शोषण फारच अल्प होत असल्याने प्रयोगशाळेतील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

उपकारक सौम्य ताण आणि अपायकारक तीव्र ताण असा भेद यामुळे आता केला जातो. व्यायाम हे पहिल्या प्रकाराचे उदाहरण आहे. व्यायामाने स्नायूंत क्रियाशील ऑक्सिजन रेणू वाढतात आणि त्यांच्याच संदेशामुळे स्नायू अधिक सक्षम होतात. २००९ मध्ये जर्मनीतील मायकेल रिस्टो व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, व्यायामाबरोबर क व ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांमध्ये इन्शुलिन-संवेदनशीलतेत व्यायामाने होणारी सुधारणा दिसून आली नाही.

इतिहास

ऑक्सिजन जीवनदायी असला तरी घातकही असू शकतो, ही शंका त्याच्या शोधाइतकीच जुनी आहे. शुद्ध वायूत मेणबत्ती लवकर जळून जाते, तसे प्राणीही लवकर 'जळून' जातील काय, असा विचार जोसेफ प्रीस्टली यांनी १७७५ च्या सुमारास मांडला होता. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये उच्च दाबाच्या ऑक्सिजनमुळे झटके येतात हे दाखवले. १९५४ मध्ये अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमन व सहकाऱ्यांनी ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोहोंमागे मुक्त मूलके हे समान कारण असल्याचे प्रतिपादन केले. दोन वर्षांनी डेनम हार्मन यांनी वार्धक्याचा मुक्त मूलक सिद्धान्त मांडला.

मूलके जिवंत पेशीत खरोखरच महत्त्वाची आहेत, हे बहुतेक जीवरसायनशास्त्रज्ञांना पटले ते १९६९ मध्ये, जेव्हा जो मॅकॉर्ड व आयर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड नष्ट करणारे विकर शोधून काढले. ज्या पदार्थासाठी शरीराने स्वतंत्र विकर राखले आहे, तो पदार्थ शरीरात तयार होत असलाच पाहिजे, हा तर्क बिनतोड होता. १९८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी 'ऑक्सिडीकारी ताण' या संज्ञेची व्याख्या केली. पुढे डीन जोन्स यांनी २००६ मध्ये, हानीपेक्षा रेडॉक्स संदेशवहनातील व नियंत्रणातील बिघाड हा या संकल्पनेचा गाभा मानावा, असे सुचवले.

तांबड्या रक्तपेशी आणि जी-६-पीडी कमतरता

रेडॉक्स संतुलन बिघडल्याचे सर्वांत स्वच्छ नैसर्गिक उदाहरण तांबड्या रक्तपेशीत सापडते. या पेशीत केंद्रक नसते, तंतुकणिका नसतात आणि नवीन प्रथिने बनवण्याची सोय नसते. मात्र तिच्यात हीमोग्लोबिनच्या रूपाने लोह व ऑक्सिजन ठासून भरलेले असतात. सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात तिला एनएडीपीएच मिळवण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे पेंटोज फॉस्फेट मार्ग. या मार्गाचे पहिले विकर ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज, अर्थात जी-६-पीडी, होय.

हिवतापावरील ८-अमिनोक्विनोलीन गटातील औषधांनी काही रुग्णांत रक्तपेशी फुटतात, हे १९२० च्या दशकापासून ज्ञात होते. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर प्रायमाक्विनचे प्रयोग करण्यात आले. त्यांतून १९५६ मध्ये पॉल कार्सन व सहकाऱ्यांनी अशा व्यक्तींच्या रक्तपेशींत जी-६-पीडीची कमतरता असल्याचे दाखवून दिले. हे संशोधन मूलगामी ठरले. तथापि कैद्यांची संमती कितपत स्वेच्छेची मानावी, हा प्रश्न वैद्यकीय नीतिशास्त्रात आजही चर्चिला जातो.

या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पूर्ण कमतरता प्रामुख्याने पुरुषांत आढळते. जगातील ४० कोटींहून अधिक लोकांत ती असल्याचा अंदाज आहे. हिवतापाच्या प्रदेशांत तिचे प्रमाण अधिक आहे, कारण ती तीव्र हिवतापापासून काही अंशी संरक्षण देते. भारतात मुंबईतील रक्तनमुन्यांवरील निरीक्षणे १९६१ मध्येच प्रसिद्ध झाली होती. पारशी समाजात आणि अनेक आदिवासी समाजांत तिचे प्रमाण लक्षणीय आहे. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात आढळलेल्या प्रकाराला 'जी-६-पीडी कल्याण' असे नाव देण्यात आले. पुढे 'केरळ' या नावाने वर्णिलेला प्रकारही त्याच उत्परिवर्तनामुळे होतो असे सिद्ध झाल्याने आता त्याला 'केरळ-कल्याण' म्हणतात. भूमध्य, केरळ-कल्याण आणि ओरिसा हे भारतातील प्रमुख प्रकार होत.

अशी व्यक्ती एरवी पूर्णपणे निरोगी असते. प्रायमाक्विन, डॅप्सोन किंवा रासब्युरिकेज यांसारखे औषध घेतल्यावर, बाकला जातीच्या शेंगांचे दाणे खाल्ल्यावर अथवा एखाद्या संसर्गात ऑक्सिडीकारकांचा भार वाढला, की तिच्या रक्तपेशीतील ग्लुटाथायोन संपते आणि भरून निघत नाही. हीमोग्लोबिन विकृत होऊन पेशीत त्याचे गोळे जमतात. त्यांना हाइन्झ पिंड म्हणतात. प्लीहा असे पिंड असलेल्या पेशींचा लचका तोडते किंवा त्या नष्टच करते. एक ते तीन दिवसांत लघवी काळपट होते, डोळे पिवळे होतात आणि थकवा व धाप जाणवते. नवजात बालकांत तीव्र कावीळ होऊन मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो.

डांबरगोळ्यांचा उल्लेख येथे आवश्यक आहे. पारंपरिक डांबरगोळ्यांत नॅप्थलीन असते. कमतरता असलेल्या नवजात बालकाला, अशा गोळ्यांसोबत ट्रंकेत ठेवलेली दुपटी किंवा कपडे न धुता वापरल्यास वाफेतून व त्वचेतून शरीरात गेलेले नॅप्थलीन रक्तपेशी फोडण्यास पुरेसे ठरू शकते. असे कपडे वापरण्यापूर्वी धुऊन उन्हात वाळवणे आणि बाळाच्या घरात या गोळ्या न ठेवणे, हा साधा पण परिणामकारक उपाय आहे.

व्हायव्हॅक्स हिवतापाचे यकृतात दडलेले जंतू नष्ट करण्यासाठी सामान्यतः १४ दिवस प्रायमाक्विन दिले जाते, त्यामुळे भारतात या चाचणीला व्यावहारिक महत्त्व आहे. कमतरता असल्यास जागतिक आरोग्य संघटना शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅमला ०.७५ मिलिग्रॅम इतकी मात्रा आठवड्यातून एकदा, याप्रमाणे आठ आठवडे, वैद्यकीय देखरेखीखाली देण्याचा पर्याय सुचवते. रक्तपेशी फुटत असतानाच केलेली चाचणी फसवी ठरू शकते: जुन्या, विकर कमी असलेल्या पेशी आधीच नष्ट झालेल्या असतात आणि नव्या पेशींत विकराचे प्रमाण तुलनेने जास्त असते. म्हणून काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते. मेथीमोग्लोबिन वाढल्यास दिले जाणारे मिथिलीन ब्लू हे औषधही अशा रुग्णांत निरुपयोगी, किंबहुना अपायकारक ठरते, कारण त्याला कार्य करण्यासाठी एनएडीपीएचच लागते.

पॅरासिटामॉलची विषबाधा

दुसरा प्रसंग यकृतातील आहे. पॅरासिटामॉलचा बहुतांश भाग यकृतात निरुपद्रवी संयुगांत बदलून लघवीवाटे बाहेर जातो. थोडा भाग सायटोक्रोम पी-४५० विकरांमुळे एका अत्यंत क्रियाशील संयुगात रूपांतरित होतो आणि ग्लुटाथायोन त्याला तत्काळ बांधून टाकते. नेहमीच्या मात्रेत ही व्यवस्था सहज पुरते. मात्रा अति झाल्यास ग्लुटाथायोनचा साठा आटतो, ते संयुग यकृतपेशीतील प्रथिनांना चिकटते, तंतुकणिका निकामी होतात आणि पेशी मरतात.

या विषबाधेचा घातक गुण असा, की पहिल्या दिवशी रुग्णाला मळमळीपलीकडे फारसा त्रास होत नाही आणि नातेवाईक निर्धास्त होतात. यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्पष्ट होते. एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध यकृताला सिस्टीन पुरवून ग्लुटाथायोन पुन्हा तयार करण्यास मदत करते. विषबाधेपासून आठ तासांच्या आत ते सुरू केल्यास गंभीर हानी जवळजवळ नेहमी टळते. त्यानंतरही ते देतात, परंतु त्याचा लाभ कमी होत जातो. म्हणून लक्षणे नसली तरी थांबू नये, रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

प्रतिऑक्सिडीकारक उपचार खात्रीने प्राण वाचवतो, असे हे बहुधा सर्वांत ठळक उदाहरण आहे. त्याच्या यशामागे तीन गोष्टी आहेत: नेमका कोणता रेणू कमी पडला आहे हे ठाऊक आहे, तो कोठे कमी पडला आहे हे ठाऊक आहे आणि हस्तक्षेपाची वेळ निश्चित आहे. पुढील विकारांत या तिन्ही बाबी बहुधा धूसर असतात.

इतर विकारांतील भूमिका

रोहिणीकाठिण्यात रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरलेले अल्प घनतेचे मेदप्रथिन ऑक्सिडीकृत होते, भक्षक पेशी ते अमर्याद गिळतात आणि फेसाळ पेशी बनून साचतात. ही यंत्रणा भरपूर पुराव्यांनी सिद्ध आहे, तरीही ई जीवनसत्त्व देऊन हृदयविकार टाळण्याचे मोठे प्रयोग अयशस्वी झाले. मधुमेहात वाढलेल्या ग्लुकोजमुळे तंतुकणिकांतील सुपरऑक्साइड वाढते; शिवाय जादा ग्लुकोजचे सॉर्बिटॉल करताना एनएडीपीएच खर्ची पडते आणि ग्लुटाथायोनची भरपाई मंदावते. दृष्टिपटल, मूत्रपिंड व चेता यांच्या हानीत या प्रक्रियांचा वाटा आहे. हृदयविकाराच्या झटक्यात बंद पडलेला रक्तपुरवठा पूर्ववत झाल्यावर, परतलेल्या ऑक्सिजनमुळेच हृदयस्नायूची आणखी हानी होते.

पार्किन्सन रोगात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतात. डोपामिन स्वतः सहज ऑक्सिडीकृत होते व त्या भागात लोहही अधिक असते. क्रियाचेता ऱ्हासाच्या आनुवंशिक प्रकारांपैकी काहींत सुपरऑक्साइड डिसम्युटेजच्या जनुकात दोष असल्याचे १९९३ मध्ये आढळले. आश्चर्य म्हणजे विकराची क्षमता कमी होणे हे त्या रोगाचे मुख्य कारण नव्हते. सदोष प्रथिनाचे चुकीचे घडीकरण व साचणे हे होते.

विदर्भ व नंदुरबार येथील आदिवासी समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या सिकलसेल आजारात अस्थिर हीमोग्लोबिन व मुक्त लोह यांमुळे रक्तपेशींवर सततचा ऑक्सिडीकारी ताण असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये या आजारासाठी एल-ग्लुटामिन मान्य केले. मात्र हायड्रॉक्सीयुरिया हेच उपचाराचे मुख्य औषध राहिले आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बालकांतील दृष्टिपटलविकाराचा इतिहास वेगळ्या कारणाने स्मरणात राहिला आहे. १९४० व १९५० च्या दशकांत काचपेटीत अनिर्बंध ऑक्सिजन दिल्यामुळे जगभरात सुमारे १०,००० बालकांना अंधत्व आल्याचे मानले जाते. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये ऑक्सिजनकडे निर्देश केला आणि नंतरच्या नियंत्रित चाचणीने त्याला दुजोरा दिला. आज अशा बालकांच्या रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता साधारणपणे ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान राखली जाते आणि डोळ्यांची वेळेवर तपासणी केली जाते.

कर्करोगात ताणाची भूमिका दुहेरी आहे. डीएनएची हानी करून तो कर्करोगाच्या आरंभास हातभार लावतो. पण एकदा गाठ तयार झाली की तिच्या पेशींनाही ऑक्सिडीकारकांपासून बचाव लागतोच. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत कीप-१ जनुक बिघडलेले व एनआरएफ-२ कायमचे कार्यान्वित असते. प्रारणोपचार तर ऑक्सिडीकारकांच्या बळावरच कर्कपेशी मारतात. त्यामुळे उपचार चालू असताना रुग्णाने स्वतःच्या मनाने अशा पूरकांच्या मोठ्या मात्रा घेऊ नयेत, असा सल्ला दिला जातो.

मापन

मूलके अल्पायुषी असल्याने शरीरातील ताण प्रत्यक्ष मोजता येत नाही. त्याने मागे ठेवलेल्या खुणा मोजाव्या लागतात. मेदांच्या ऑक्सिडीकरणातून बनणारे मॅलॉनडायाल्डिहाइड मोजण्याची थायोबार्बिट्युरिक आम्लाची चाचणी स्वस्त व सोपी असल्याने महाविद्यालयीन प्रकल्पांत आणि शोधनिबंधांत फार वापरली जाते, पण ती इतर अनेक पदार्थांनाही प्रतिसाद देते. आयसोप्रोस्टेन या संयुगांचे वस्तुमान-वर्णपटमापन अधिक विश्वासार्ह, मात्र महाग आहे. ग्लुटाथायोनच्या दोन रूपांचे गुणोत्तर नमुना हाताळतानाच बदलू शकते. 'एकूण प्रतिऑक्सिडीकारक क्षमता' हा आकडा यूरिक आम्ल वाढल्यानेही वाढतो. मूत्रपिंड निकामी होत असलेल्या रुग्णाची क्षमता या चाचणीत उत्तम दिसू शकते! खासगी प्रयोगशाळांच्या आरोग्य तपासणी संचांत या चाचण्या दिसत असल्या, तरी रोगनिदानासाठी त्यांपैकी एकीचाही नित्य वापर मान्य झालेला नाही.

खाद्यपदार्थांच्या 'ओआरएसी' मूल्यांचेही असेच झाले. अमेरिकेच्या कृषी विभागाने या मूल्यांची सूची २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण परीक्षानळीतील या आकड्यांचा मानवी आरोग्याशी संबंध सिद्ध झाला नव्हता आणि जाहिरातदार त्यांचा सर्रास गैरवापर करत होते.

पूरकांच्या चाचण्या

फळे-भाज्या अधिक खाणाऱ्यांत कर्करोग व हृदयविकार कमी आढळतात, या निरीक्षणावरून त्यांतील बीटा-कॅरोटिन गोळीच्या रूपात देण्याची कल्पना पुढे आली. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेत धूम्रपान करणारे व ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले अशा १८,३१४ व्यक्तींवरील चाचणीत बीटा-कॅरोटिन व अ जीवनसत्त्व एकत्र देण्यात आले होते. तेथे ही वाढ २८ टक्के होती आणि चाचणी नियोजित मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. ई जीवनसत्त्वाच्या ४०० एककांच्या दैनिक मात्रेने पुरुषांतील पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे सुमारे ३५,००० पुरुषांच्या चाचणीवरून २०११ मध्ये जाहीर झाले. कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात ७८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या; पूरकांनी आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही, उलट बीटा-कॅरोटिन व ई जीवनसत्त्व यांनी मृत्युदर किंचित वाढल्याचे दिसले.

हे निष्कर्ष गोळ्यांविषयीचे आहेत, आहाराविषयीचे नाहीत. आवळा, पेरू, पालेभाज्या, गाजर किंवा कोकम खाण्याने असा अपाय झाल्याचे दिसलेले नाही. आहारातील पदार्थांचा फायदा तंतू, पोटॅशियम व इतर अनेक घटकांमुळेही होत असतो आणि तो एका रेणूच्या खाती जमा करणे चुकीचे आहे. जीवनसत्त्वांची खरी कमतरता असेल, तर ती भरून काढणे अर्थातच आवश्यक असते.

निश्चित उपयोग मर्यादित क्षेत्रांत सिद्ध झाला आहे. वयोमानाने होणाऱ्या पीतबिंदूच्या ऱ्हासात क व ई जीवनसत्त्वे, जस्त, तांबे आणि बीटा-कॅरोटिन यांच्या मिश्रणाने मध्यम अवस्थेतील रुग्णांचा ऱ्हास मंदावल्याचे २००१ मध्ये आढळले. धूम्रपान करणाऱ्यांना असलेला धोका लक्षात घेऊन नंतरच्या मिश्रणात बीटा-कॅरोटिनऐवजी ल्युटिन व झियाझँथिन घालण्यात आले. फ्रीडराइख असमन्वय या आनुवंशिक चेताविकारासाठी एनआरएफ-२ उद्दीपित करणारे ओमाव्हेलोक्सोलोन हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाले. त्याच कुळातील बार्डोक्सोलोनची मधुमेही मूत्रपिंडविकारावरील मोठी चाचणी मात्र हृदयनिष्कार्यता वाढल्याने २०१२ मध्ये बंद करण्यात आली होती.

त्वचा उजळवण्यासाठी शिरेतून ग्लुटाथायोन टोचण्याचा प्रघात भारतासह अनेक आशियाई देशांत वाढला आहे. या उपयोगाची परिणामकारकता व सुरक्षितता यांविषयी पुरेसा पुरावा उपलब्ध नाही. फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने त्याविरुद्ध जाहीर इशारा दिलेला असून यकृत व मूत्रपिंडाची इजा आणि तीव्र त्वचाविकार हे संभाव्य धोके त्यात नमूद आहेत.